सकाळी अंग ठेचल्यासारखं का होतं: झोप आणि सांधे-स्नायूंचं दुखणं

प्रश्न: वय ४७, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून मान, खांदे, कंबर आणि गुडघे दुखतात. सकाळी उठते तेव्हा कुणी अंग ठेचून काढल्यासारखं वाटतं, वीस-पंचवीस मिनिटांनी जरा सैल होतं. आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, गुडघ्याच्या एक्स-रेत थोडी झीज. रात्री साडेदहाला आडवी होते, साडेपाचला उठते. मधे तीन-चार वेळा सासऱ्यांना बाथरूमला न्यायला उठावं लागतं. दिवसाआड पेनकिलर घेते. झोप नीट नाही म्हणून दुखतं, की दुखतं म्हणून झोप नाही? गादी बदलू का? झोपेची गोळी घेतली तर चालेल का?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ओघात लिहून गेलात. सासऱ्यांसाठी रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, ही ती ओळ. माझ्या दृष्टीने ती तुमच्या एक्स-रेपेक्षा जास्त बोलते. संधिवाताच्या ओपीडीत मी प्रत्येकाला झोपेबद्दल विचारते आणि बहुतेक बायकांचं उत्तर एकच असतं: "झोप ना, पडल्या पडल्या लागते की!" ते खरंच असतं. दिवसभर राबलेल्या माणसाला झोप लागणारच. पण ती किती वेळा मोडते, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण घरातल्यांसाठी रात्री उठणं हे आपल्याकडे बाईच्या कामात धरलेलंच असतं. त्याची कुठे नोंद होत नाही, डॉक्टरांच्या कागदावर तर नाहीच.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुखणं वाढतं. पण या दोन बाजू सारख्या वजनाच्या नाहीत. लोकांच्या मागे दीर्घकाळ राहून केलेले अभ्यास एकत्र ठेवले तर असं दिसतं की आजच्या खराब झोपेवरून उद्याचं दुखणं जितक्या खात्रीने सांगता येतं, तितक्या खात्रीने दुखण्यावरून झोप सांगता येत नाही. नॉर्वेत एका मोठ्या लोकसंख्येवर असा अभ्यास झाला. त्यातल्या १२,३५० स्त्रियांना सुरुवातीला फायब्रोमायल्जिया (अंगभर पसरलेलं, थकव्यासह येणारं जुनाट दुखणं) किंवा स्नायू-सांध्यांचं दुखणं नव्हतं. साधारण दहा वर्षांनी पाहिलं तर ज्यांनी सुरुवातीलाच 'झोपेचा त्रास वारंवार किंवा नेहमी असतो' असं सांगितलं होतं, त्यांच्यात फायब्रोमायल्जिया होण्याचं प्रमाण चांगली झोप असणाऱ्यांच्या जवळजवळ साडेतीनपट निघालं. ४५ वर्षांपुढच्या स्त्रियांत ते पाचपटीहून जास्त होतं. या सगळ्यांना झोपेचा त्रास आधी होता, दुखणं मागून आलं.

याच्याही कितीतरी आधी, १९७५ साली, कॅनडात टोरांटोला हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. निरोगी तरुण माणसांना झोपेच्या प्रयोगशाळेत झोपवलं आणि मेंदूच्या लहरींवर नजर ठेवली. गाढ झोपेच्या संथ लहरी दिसू लागल्या की आवाज करून ती गाढ झोप तेवढी मोडायची, पूर्ण जागं करायचंच असं नाही. काही रात्रींतच या धडधाकट मुलांचे स्नायू दाबल्यावर दुखू लागले, सकाळी अंग जड आणि आखडलेलं वाटू लागलं. नीट झोपू दिल्यावर ते पुन्हा ठीक झाले. पुढे त्याच गटाने स्वप्नांची झोप मोडून पाहिली, तेव्हा अंगदुखीचा हा प्रकार तसा दिसला नाही. प्रयोग लहान होता, पण माझ्या विषयात त्याने एक खिडकी उघडली. काहीही इजा झालेली नसताना, एकाही सांध्याला सूज नसताना, फक्त गाढ झोप मोडल्याने अंग ठेचल्यासारखं होऊ शकतं.

तुमच्याशी सर्वात जवळचा अभ्यास मात्र २००७ सालचा आहे, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचा. ३२ निरोगी स्त्रिया होत्या. एका गटाला रात्रीतून पुन्हा पुन्हा उठवलं. दुसऱ्या गटाला उशिरा झोपायला सांगून तेवढेच कमी तास, पण सलग झोपू दिलं. पुन्हा पुन्हा उठवलेल्या गटात अंगदुखी वाढली आणि दुखणं आतून दाबून धरण्याची शरीराची ताकद घसरली. सलग पण कमी झोपलेल्यांत तसं झालं नाही. पाच तास सलग आणि पाच तास तुकड्या-तुकड्यांनी या दोन गोष्टी शरीराला एकसारख्या नाहीत. "सात तास तर झोपतेस, मग काय झालं?" असं घरात कुणी म्हणालं तर हे त्यांना सांगा.

ही आतली ताकद म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं कळतं. सांध्यातून, स्नायूतून निघालेला वेदनेचा संदेश पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जातो. त्याच वेळी मेंदूच्या बुंध्याकडून खाली उलटा संदेश येत असतो आणि तो वेदनेला वाटेतच आवरतो, पाटाच्या पाण्याला दारं धरणारा माणूस नको त्या वाफ्याकडचं पाणी माती लावून अडवतो तसा. झोप मोडत राहिली की हा अडवणारा थकतो. मग रोजचंच वाकणं, रोजचाच जिना, फळ्यावर लिहिताना वर उचललेला हात, हे सगळं वेदना म्हणून वर पोहोचतं. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात २०१९ साली मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं, तर रात्रभर जागवलेल्या माणसांत वेदनेची जाणीव नोंदवणारा भाग जास्त पेटलेला होता आणि वेदनेचं मोल ठरवून तिला आवरणारे भाग मंदावलेले होते. शिवाय झोप कमी पडली की शरीरात दाह वाढवणारी रसायनं वाढतात, आणि स्नायूंच्या दुरुस्तीला लागणारं ग्रोथ हॉर्मोन तर मुख्यतः गाढ झोपेतच स्रवतं.

म्हणजे तुमचं दुखणं खरं आहे. ते मनाचे खेळ नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आले की बाईला "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असं सांगून पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली घरोघरी जाऊन संधिवाताचं सर्वेक्षण झालं. चार हजारांवर प्रौढांना विचारलं तेव्हा १८ टक्के लोकांना हाडं-सांधे-स्नायूंचा काही ना काही त्रास होता आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांचं दुखणं मऊ ऊतींचं किंवा ठरावीक रोगाच्या चौकटीत न बसणारं निघालं. आमवात, गाऊट असं ठसठशीत नाव मिळणारे थोडेच होते. नाव न मिळालेल्या या मोठ्या गटाची झोप आपण विचारतच नाही. शेतावर मोटारीला रात्रीची लाईट मिळते म्हणून मध्यरात्री दारं धरायला जाणारे, कंपनीत रात्रपाळी करणारे, तान्ह्या बाळाच्या आया, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या बायका: यांच्या अंगदुखीची गोष्ट कॅल्शियमच्या गोळीपाशी संपू नये.

आता तुमच्या रात्रीकडे बघू. रात्रीची गाढ झोप सगळीकडे सारखी पसरलेली नसते. झोप साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांत येते आणि गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या तीन-चार तासांत उरकतो. पहाटेकडे स्वप्नांची आणि हलकी झोप जास्त असते. तुम्ही साडेदहाला झोपून बाराला, मग दोनला उठत असाल तर तुमच्या वाट्याची गाढ झोपच नेमकी मोडते. म्हणून माझी पहिली सूचना औषधाची नाही, घरातल्या वाटणीची आहे. रात्रीचे दोन भाग करा. साडेदहा ते अडीच या वेळात सासऱ्यांकडे तुमच्या यजमानांनी किंवा मुलाने बघायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. अडीचनंतर तुम्ही. एक दिवसाआड एक रात्र अशी वाटणीही चालेल, पण ते जमत नसेल तर निदान पहिले चार तास तरी तुमचे. 'दार लावून' हे मी मुद्दाम लिहिलंय. आजाऱ्याजवळ झोपणाऱ्या माणसाची झोप सावध असते, कुणी हाक मारली नाही तरी कान जागे राहतात.

दुसरी सूचना सासऱ्यांबद्दल. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणं हे वयाचं समजून सोडून देऊ नका. प्रोस्टेट, साखर, संध्याकाळनंतरचा चहा, दिवसभर पायांवर उतरलेली सूज, रक्तदाबासाठी चालू असलेली लघवीची गोळी उशिरा घेणं, झोपेत श्वास अडणं, यांतलं काहीही कारण असू शकतं आणि बऱ्याच कारणांवर उपाय आहे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळी घ्यावी हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पलंगाजवळ युरिनल पॉट किंवा कमोडची खुर्ची ठेवली तर कदाचित त्यांना तुमच्या आधाराशिवाय जमेल, रात्री पडण्याचा धोकाही कमी होईल. तुमच्या खांद्यांवरचा हा उपचारच आहे असं मी समजते.

आणि हे सगळं केल्यावरही झोप मोडत असेल तर कारण दुसरीकडे आहे. तुमच्या वयात मी चार गोष्टी हमखास विचारते.

पाळी अनियमित झाली आहे का, रात्री एकदम अंग तापून घाम फुटतो का? पाळी जाण्याच्या सुमाराला सांधे आखडण्याची तक्रार खूप बायका करतात आणि घामाने मोडलेली झोप त्यात भर घालते. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलण्यासारखं ते आहे, सहन करत बसण्यासारखं नाही.

घोरता का? बायका हा प्रश्न टाळतात. झोपेत श्वास अडण्याचा आजार पुरुषांचाच, असा समज आहे, पण पाळी गेल्यावर स्त्रियांतही तो वाढतो. त्यांच्यात तो मोठ्या घोरण्यापेक्षा सकाळची डोकेदुखी, दिवसभराचा थकवा, चिडचिड आणि अंगदुखी अशा रूपात समोर येऊ शकतो. श्वास अडला की मेंदू क्षणभर जागा होतो, माणसाला मात्र ते आठवतही नाही. वजन जास्त असेल, रक्तदाब असेल, वर्गात वह्या तपासतानाही डोळे मिटत असतील, तर झोपेची तपासणी करून घ्या. ती हल्ली घरी मशीन लावूनही होते.

संध्याकाळी, आडवं झाल्यावर पायांत ओढ लागते का, पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं आणि पाय हलवले किंवा चालून आलं की बरं वाटतं, असं होतं का? ती सांधेदुखी नव्हे. अस्वस्थ पायांच्या या आजारात बरेचदा शरीरातला लोहाचा साठा कमी असतो. हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी फेरिटिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला, तेव्हा हे कारण आपल्याकडे दुर्मीळ नक्कीच नाही.

आणि चौथं, हाताला मुंग्या येऊन जाग येते का, हात झटकला की बरं वाटतं का? मनगटातली नस दबल्याचं ते लक्षण आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधली की पुष्कळ बायकांची झोप सुधारते. तसंच, एकाच कुशीवर गेल्यावर खांद्यात कळ येऊन जाग येत असेल तर खांदा स्वतंत्रपणे तपासावा लागतो, विशेषतः मधुमेह असेल तर.

थायरॉईड, ड जीवनसत्त्व, साखर, ईएसआर आणि सीआरपी (या शेवटच्या दोन शरीरातला दाह दाखवतात) या तपासण्या झाल्या नसतील तर एकदा करून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण काही जणांचे स्नायू तिच्याने दुखतात. मध्यंतरी चिकुनगुनिया झाला होता का, हेही आठवून पाहा. ताप उतरल्यावर सांधे महिनोन्महिने धरलेले मी पाहिले आहेत.

आता उलट बाजू, म्हणजे दुखण्यामुळेच झोप जाते ती. काही आजारांत सांध्यांतला दाह रात्रीच्या घड्याळावर चालतो. शरीरातलं स्वतःचं स्टेरॉईड, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं आणि पहाटे चढू लागतं, तर आमवातात दाहाची रसायनंही पहाटेच उसळतात. म्हणून आमवाताचा माणूस सकाळी मुठी मिटू शकत नाही आणि त्याचं आखडणं तासभर किंवा त्याहून जास्त टिकतं. झिजेच्या सांध्यांत ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतं. तुमचं वीस-पंचवीस मिनिटांत सैल होतं आणि सूज लिहिलेली नाही, त्यामुळे मला आमवाताची शंका कमी वाटते. पण आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे एवढ्यावरून आमवात नाहीच, असं मात्र कुणी म्हणू नये. तरुण मुलांत आणखी एक प्रकार दिसतो. रात्रीच्या उत्तरार्धात कंबर-माकडहाडाच्या दुखण्याने जाग येते, पडून राहिल्याने वाढतं आणि फिरल्यावर कमी होतं. विशी-तिशीतल्या मुलाला असं होत असेल तर त्याला "खुर्चीत बसून बसून झालंय" म्हणून व्यायामशाळेत पाठवू नका, संधिवाततज्ज्ञाला दाखवा. आणि कुठल्याही कुशीवर न थांबणारं, रोज रात्री वाढत जाणारं दुखणं, त्यासोबत वजन उतरणं, ताप, पूर्वी झालेला कॅन्सर, पायातली ताकद जाणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांतलं काही असेल तर झोपेची चर्चा बाजूला ठेवून लगेच तपासणी.

तुमच्यासारख्या, म्हणजे चार ठिकाणी पसरलेल्या, रिपोर्टमध्ये न सापडणाऱ्या, थकव्यासह येणाऱ्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणावं का, ते प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. २०१० पासून त्याच्या निकषांत 'झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं' हे लक्षण अधिकृतपणे मोजलं जातं, इतकं मात्र सांगते. पूर्वी अंगभर पसरलेल्या दुखण्यासोबत ठरावीक १८ जागा दाबून किती दुखतात ते मोजायचे.

झोप सुधारली तर दुखणं खरंच कमी होतं का? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेलच. डेट्रॉइटला २०१२ साली १८ निरोगी पण झोपेची तूट असलेल्या माणसांवर प्रयोग झाला. काहींना चार रात्री दहा-दहा तास अंथरुणात राहू दिलं. गरम वस्तूवर बोट ठेवून सहन करण्याचा त्यांचा वेळ २५ टक्क्यांनी वाढला. आजारी माणसांत फरक इतका झटपट दिसत नाही. सांध्यांच्या झिजेचे आणि निद्रानाशाचे साठीपुढचे ३२७ रुग्ण घेऊन अमेरिकेत फोनवरून झोपेचं समुपदेशन केलं, तर झोप सुधारली आणि वर्षभर टिकली. दुखण्यातला फरक मात्र लहान होता आणि पुढे ओसरला. म्हणून मी कुणालाही झोप लागली की गुडघा बरा, असं वचन देत नाही. झिजलेला गुडघा झिजलेलाच राहतो. पण त्याच गुडघ्याने जिना चढताना किती दुखावं, हे पुष्कळसं आदल्या रात्रीवर ठरतं आणि चांगल्या झोपेवर व्यायाम करायचं बळ येतं. माझ्या रुग्णांत खरी सुधारणा तिथून सुरू होताना दिसते.

आता दिवसाबद्दल. रात्र वाईट गेली की माणूस दुसऱ्या दिवशी लवकर आडवा होतो, दुपारी तास-दोन तास झोपून भरपाई करतो. दुखणाऱ्या माणसाचं अंथरूण असंच वाढत जातं आणि झोप पातळ होत जाते. निद्रानाशावरची जी मानसोपचार पद्धत आहे, तिचा गाभा याच्या उलट आहे. उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका, थोडा जास्त. झोप येत नसेल तर वीसेक मिनिटांनी उठून बाहेर बसायचं, मंद उजेडात, मोबाईल न घेता, आणि डोळे जड झाले की परत जायचं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली दीर्घ निद्रानाशावर गोळीच्या आधी हीच पद्धत वापरावी असं सांगितलं आहे. तुमचा प्रश्न मुख्यतः उठवलं जाण्याचा आहे, म्हणून अंथरुणातला वेळ तुम्ही कमी करू नका. पण सासऱ्यांची सोय लागल्यावरही, सवयीने दोनला डोळे उघडत राहिले, तर ही पद्धत उपयोगी पडेल. दोन आठवडे वहीत रोज लिहा: किती वाजता पडले, किती वेळा उठले, सकाळी दुखणं दहापैकी किती. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. एमआरआयच्या आधी मला ती बघायला आवडेल.

चहा दुपारी तीनच्या पुढे नको. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे शाळेतून आल्यावर सहाला घेतलेला कप अकराला अर्धा अंगात असतो. "मला चहाने काही होत नाही, पिऊन लगेच झोपते" असं सांगणाऱ्यांची झोपही हलकी होते, लागायला त्रास होत नाही इतकंच. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट ते गरम पाण्याने आंघोळ केली तर झोप लवकर लागायला मदत होते आणि आखडलेल्या खांद्यांनाही ती आवडते. व्यायाम रोज हवा: चालणं, मांड्यांचे आणि खांद्यांचे ताकदीचे साधे प्रकार, सुरुवातीला दहा मिनिटंच. पहिले दोन आठवडे अंग जरा जास्त दुखेल. ते चालेल, पण दुसऱ्या दिवशी कामच होऊ नये इतकं दुखलं तर प्रमाण कमी करा, व्यायाम सोडू नका. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेणं उत्तम.

दोन वर्षं दिवसाआड पेनकिलर ही मला काळजीची गोष्ट वाटते. रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासा, पोटात जळजळ होते का ते डॉक्टरांना सांगा. पसरलेल्या अंगदुखीवर या गोळ्यांचा उपयोग तसाही थोडाच होतो. 'वातावरची' म्हणून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या अजिबात घेऊ नका. त्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. त्याने चार दिवस अंग हलकं होतं, पण झोप उडते, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. कुणाला आजारासाठी रीतसर स्टेरॉईड दिलेलं असेल तर ते बहुधा सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात, त्याचं एक कारण झोप हेच आहे.

गादी. "कडक फळीवर झोपा" हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या दिला जातो, डॉक्टरही देतात. स्पेनमध्ये २००३ साली जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना अर्ध्यांना कडक आणि अर्ध्यांना मध्यम कडक गादी दिली. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं आणि रोजच्या कामातली अडचण जास्त कमी झालेली होती. तुमची गादी कापसाची असेल आणि कमरेखाली खड्डा पडला असेल तर पिंजून घ्या, नवी महागडी गादी घ्यायची गरज नाही. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली लोड. मानेखालची उशी कुशीवर असताना कान आणि खांद्यामधली पोकळी भरेल इतपत जाड. पालथं झोपू नका, मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते. गादीवर पैसे खर्च करायच्या आधी ते सासऱ्यांच्या कमोडच्या खुर्चीवर करा असं मी म्हणेन. तुमच्या झोपेला तिचा फायदा जास्त आहे.

राहिला झोपेच्या गोळीचा प्रश्न. माझं उत्तर नाही असं आहे, निदान आज तरी. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या जातीच्या गोळ्यांनी माणूस झोपतो, पण ज्या संथ, गाढ झोपेची तुम्हाला गरज आहे तीच त्या कमी करतात. सवय लागते. झोपेत श्वास अडत असेल तर त्रास वाढू शकतो. आणि तुमच्या घरात तर रात्री दोनला गोळीच्या गुंगीत उठून एका वृद्ध माणसाला धरून न्यायचं आहे, दोघंही पडाल. पसरलेल्या दुखण्यात कधी कधी आम्ही रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलिन किंवा प्रीगाबालिनसारखी औषधं देतो, ती वेदना आणि झोप दोन्हींवर काम करतात. पण ती तपासून, तुमचं हृदय, किडनी आणि बाकीची औषधं बघून द्यायची असतात आणि सकाळी सुस्ती येते का ते पाहावं लागतं. शेजारणीच्या डब्यातून घेऊ नका. आणि एखादी झोपेची गोळी याआधीच रोज सुरू झालेली असेल, तर हे वाचून ती आज रात्री एकदम बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना भेटा आणि त्यांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांत, हळूहळू उतरवा.